मुलांच्या मदत निधीसाठी सायकल फेरी काढताना: बेळगाव-खानापूर भागातल्या आयोजकांसाठी

बेळगावात ‘सायकल फेरी’ म्हटलं की ऐकणाऱ्याला १ नोव्हेंबरची, सीमाप्रश्नावरच्या काळ्या दिनाची निषेध फेरी आठवते. पहिल्या वर्षी आम्ही परवानगीचा अर्ज घेऊन एका पोलीस ठाण्यात गेलो आणि साळसूदपणे ‘सायकल फेरी काढायची आहे’ म्हणालो, तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पुढचा अर्धा तास ‘तसली नव्हे साहेब, शाळेतल्या पोरांसाठी’ हे पटवण्यात गेला. दुसऱ्या वर्षापासून अर्जाच्या विषयात ‘विद्यार्थी मदत निधीसाठी सायकल प्रवास’ असं लिहितो. काम दहा मिनिटांत होतं.

खालचं सगळं तीस-चाळीस सायकलस्वारांच्या, एका सकाळीत संपणाऱ्या आणि लाखभर रुपये जमवू पाहणाऱ्या फेरीसाठी आहे. शंभर जणांची फेरी काढायची असेल तर आधी एकदा चाळीस जणांची काढा.

आधी शाळेत जा, सायकल घरी ठेवून

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. टी-शर्टचा रंग ठरतो, पाहुणे ठरतात, मार्ग ठरतो आणि शेवटी कोणीतरी विचारतं, ‘पैशांचं काय घ्यायचं?’ मग ठरलेलं उत्तर येतं: दप्तरं आणि वह्या.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका मराठी शाळेत आम्हीही तेच विचारायला गेलो होतो. मुख्याध्यापिका बाईंनी काही न बोलता कपाट उघडलं. आत प्लास्टिकही न काढलेली दप्तरं रचून ठेवलेली. एका गठ्ठ्यावर देणाऱ्यांचा हसरा फोटो छापलेला. ‘सर, तिघांनी दिली मागच्या वर्षी. पोरं चोवीस आणि दप्तरं सत्तर. मला सातवीनंतरच्या मुलींचं काहीतरी सांगा.’

हायस्कूल नऊ किलोमीटरवर. बस फाट्यापर्यंतच येते आणि फाट्यापासून गाव साडेतीन किलोमीटर आत, मधे रान. आम्ही सायकलवाले, त्यामुळे तोंडातून पटकन गेलं, ‘मग सायकली देऊ की!’ बाई हसल्या. भीमगड अभयारण्याच्या बाजूला अस्वलांची भीती खरी आहे, लोकांवर हल्ले झालेले आहेत. अंधार पडायच्या सुमाराला एकट्या मुलीला त्या वाटेने सायकलवर कोणता बाप सोडेल? त्या गावाला हवी होती सकाळ-संध्याकाळची एक टमटम. सायकल चालवून जमवलेले पैसे सायकलवर खर्च होणार नाहीत, हे पचवायला आमच्यातल्या दोघा-तिघांना वेळ लागला.

तेव्हा पहिली पायरी ही. दोन-तीन ठिकाणी जा, मुख्याध्यापकांशी आणि शाळेच्या एसडीएमसीमधल्या (शाळा विकास समितीतल्या) पालकांशी वेगवेगळं बोला आणि ‘काय हवं’ असं विचारू नका. त्याला उत्तर ‘दप्तरं’ हेच येतं, कारण लोक तेच देतात हे त्यांना माहीत असतं. ‘मागच्या दोन वर्षांत कोणत्या मुलाने शाळा सोडली आणि का?’ असं विचारा. या जिल्ह्यात त्याची उत्तरं गावागणिक बदलतात. चिकोडी, अथणी, हुक्केरीच्या ऊसपट्ट्यात तोडणी कामगारांची मुलं हंगामापुरती येतात आणि पट चालू असताना गायब होतात. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांच्या घरी मोठ्या मुलीच्या मांडीवर धाकटं भावंड आणि समोर सूप असतं. सौंदत्तीकडे देवदासींच्या मुलांचा प्रश्न आहे. प्रथेवर १९८२ च्या कायद्याने बंदी आली, तरी त्या घरांतल्या मुलांना वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी अजून अडखळावं लागतं. एका फेरीने एकाच गोष्टीला हात घालावा.

आणि पैसे गोळा करण्याआधी फुकट काय होतं ते बघा. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या मुली-महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे. म्हणजे मुलींसाठी बसच्या पासला निधी लागतच नाही, प्रश्न बस कुठवर येते एवढाच उरतो. एसडीएमसीच्या ठरावासह वायव्य परिवहनच्या आगारप्रमुखांना अर्ज द्या. आमच्या गावाला बस आत नेणं रस्त्यामुळे जमलं नाही, पण हायस्कूल सुटल्यावरच्या गाडीची वेळ वीस मिनिटांनी पुढे सरकली. त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

आकडा मागून पुढे काढा

टमटमवाल्याने महिन्याला ९,००० सांगितले. शाळा दहा महिने, म्हणजे ९०,०००. आता इथून उलटं या. ६० किलोमीटरची फेरी, दर किलोमीटरला ५ रुपये कबूल करणारा एक दाता म्हणजे ३०० रुपये. एका सायकलस्वाराने असे दहा दाते धरले की ३,०००. तीस जण आले की ९०,०००. कागदावर झकास जमतं.

प्रत्यक्षात कबूल केलेले सगळे पैसे येत नाहीत. पहिल्या वर्षी आमचा जवळजवळ चौथा हिस्सा बुडाला आणि त्यात दात्यांपेक्षा आमची चूक जास्त होती: कार्डावर नाव होतं, फोन नंबर नव्हता. ‘पाटील काका, ३०० रु.’ अशी नोंद असेल तर बेळगावात ते कोणते पाटील काका हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. म्हणून ९०,००० हवे असतील तर १,२०,००० च्या कबुलीचं लक्ष्य ठेवा, म्हणजे तीसऐवजी चाळीस स्वार.

कार्ड साधं ठेवा. दात्याचं नाव, फोन, दर किलोमीटर किती किंवा एकरकमी किती, पैसे दिल्याची तारीख, पावती क्रमांक. दर किलोमीटरचा हिशेब लोकांना आवडतो. एकदा कबूल झाले की ‘पूर्ण केलंस का?’ म्हणून फोनही करतात. मात्र स्वार अर्ध्यातून परतला तर काय, हे आधीच सांगा. आम्ही कार्डाच्या तळाला छापतो: ‘स्वार थकला तरी मुलांचे पैसे पूर्ण द्यावेत ही विनंती.’ बहुतेक जण देतात.

नाश्ता, पिकअप, केळी, कापडी फलक हा खर्च देणगीतून काढायचा नाही. त्यासाठी प्रत्येक स्वाराकडून प्रवेश शुल्क घ्या. ४० जणांचे २०० प्रमाणे ८,००० होतात. आमचा एका वर्षीचा खर्च असा होता: स्वयंसेवक धरून ५२ जणांचा नाश्ता २,६००, पिकअप डिझेलसह २,५००, केळी-पाणी-लिंबू ९००, कापडी फलक ८००, प्रथमोपचार ७००, कार्डांची छपाई ५००. बरोबर आठ हजार. त्या दिवसाच्या अपघात विम्याचा हप्ता एका दुकानदारांनी वेगळा उचलला. टी-शर्ट नाहीत. टी-शर्टवरून दरवर्षी एक भांडण होतं आणि दरवर्षी मी हट्टाने नाही म्हणतो.

पैसे कोणाच्या खात्यात

तुमच्या नाही. खजिनदाराच्याही नाही. तो कितीही सज्जन असो, त्याच्या खासगी यूपीआयवर देणग्या घेऊ नका. नोंदणीकृत ट्रस्ट किंवा सोसायटी धरा, तिच्याशी एका पानाचा लेखी करार करा (रक्कम कशासाठी, कोणाला, किती हप्त्यांत) आणि क्यूआर कोड तिच्याच नावाचा छापा. संस्था मुलांना निवासी ठेवत असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ खालची तिची नोंदणी डोळ्यांनी बघा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

व्यापारी मंडळी ८०जी, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकराची वजावट, विचारणारच. संस्थेकडे ती मान्यता असेल तर तीन गोष्टी आधीच सांगून टाका: २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्या देणगीवर वजावट नाही, नवी करप्रणाली निवडलेल्याला ही वजावटच नाही, आणि पावतीसाठी पॅन लागेल. गल्लीतल्या मंडळाच्या पावतीपुस्तकासारखं पुस्तक चालेल, पण क्रमांक छापील हवेत आणि रद्द पावती फाडून न टाकता पुस्तकातच ठेवायची.

इथल्या प्रत्येक घरातलं कोणीतरी आखातात किंवा अमेरिकेत असतं, त्यामुळे हेही माहीत असू द्या. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो ती परकी देणगी ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आत्याने पाठवले तर ती परकी देणगी ठरते, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी. तिच्यासाठी संस्थेची एफसीआरए (परकी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर आत्याला प्रेमाने नाही म्हणा.

तारीख

पावसाळा बाद, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात सायकल काढणारे आहेत, पण त्यांना दाते मिळत नाहीत. १ नोव्हेंबरच्या मागचा-पुढचा आठवडा बाद, कारण वर आलंच आहे. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, सगळा बंदोबस्त तिकडे जातो आणि तुमचा अर्ज कोणी हातात घेत नाही. १७ जानेवारी सीमालढ्याचा हुतात्मा दिन, मग प्रजासत्ताक दिनाची तयारी. मार्चमध्ये दहावीची परीक्षा, त्यानंतर ऊन. उरला फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा रविवार. सौंदत्तीची माघी पौर्णिमेची यात्रा त्या आसपास येते. तुमचा मार्ग त्या बाजूचा असेल तर पंचांग बघा.

मार्ग

ऊसपट्ट्याकडे जाणारे रस्ते फेब्रुवारीतही टाळा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर पहाटे कारखान्याकडे निघालेले असतात, आणि धुक्यात तो ऊस थेट अंगावर येईपर्यंत दिसत नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून निपाणी किंवा कित्तूरकडे जाणं नकाशावर सरळ दिसतं. चाळीस नवख्या स्वारांना घेऊन मी जाणार नाही.

वेंगुर्ला रस्ता सुंदर. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, पुढे शिनोळी. पण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. तिथपर्यंत जायचं तर महाराष्ट्र पोलिसांचीही परवानगी. बाचीला वळा, डोकेदुखी वाचते. शिवाय मंगळवारी-शुक्रवारी उचगावला मळेकरणी देवीच्या भक्तांची गर्दी असते, म्हणून सराव फेरीला ते वार टाळा.

आमचा मार्ग ठरलेला: बेळगाव, पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी आणि परत. जाऊन-येऊन साधारण ६०. पिरनवाडीपर्यंत वर्दळ, मग चढउतार, पण छाती फुटेल असा चढ नाही. कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडली की झाडी दाट होते आणि पोरं आपोआप गप्प होतात. जांबोटीच्या पुढे कणकुंबी-चोर्ल्याचा मोह होतो. तो आवरा, पुढचा रस्ता दमवतो. याच रस्त्याने गोव्याच्या गाड्या येतात. पहाटे सहाला निघून अकराच्या आत शहरात परतलात तर त्यांचा त्रास कमी. दुपारनंतर परतणाऱ्या गाड्यांना घरची ओढ असते आणि वळणावर त्या सायकल मोजत नाहीत.

आठवडाभर आधी मोटारसायकलने नव्हे, सायकलनेच मार्ग बघून या. साधी सायकल चालवणारा माणूस चढउतारावर थांबे धरून ताशी बारा किलोमीटर जातो, म्हणजे साठला पाच तास. गिअरच्या सायकलवाले तीन तासांत येतील. वेळापत्रक साध्या सायकलवाल्याचं बनवा.

परवानगी

जांबोटी मार्गावर दोन अंमल लागतात: शहराकडचा भाग पोलीस आयुक्तालयाकडे, खानापूर तालुका जिल्हा पोलीसप्रमुखांकडे. दोन्हीकडे महिनाभर आधी अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहा. यात मानापमान आणू नका. वाचणाऱ्याला पटकन कळावं एवढाच हेतू. आमचा अर्ज शेजारचे एक निवृत्त कन्नड शिक्षक लिहून देतात, त्यांचा नातू आमच्यात सायकल चालवतो. अर्जात तारीख, वेळ, मार्ग, संख्या, सोबतच्या गाड्यांचे नंबर, तिघा जबाबदार माणसांचे फोन, आणि एक वाक्य: घोषणा नाहीत, राजकीय झेंडे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही. पोच घेतलेली प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून पिकअपमध्ये ठेवा.

फलक कापडी आणि त्यावर कन्नड-मराठी दोन्ही. कन्नड वर. काहींना ते खुपतं, त्यांच्याशी चहावर वाद घालू, फलकावर नको. आदल्या दिवशी रात्री फलक कोणीतरी उतरवला म्हणून मुलींची टमटम अडली तर ते कोणाला परवडेल?

सायकली

आठ दिवस आधी एका संध्याकाळी सगळ्यांना सायकली घेऊन बोलवा आणि गल्लीतल्या मिस्त्रीला दोन तासांचे पैसे देऊन बसवा. अर्ध्या अधिक सायकली वर्षभर जिन्याखाली पडलेल्या असतात. आमच्या मिस्त्रीची तपासायची रीत बघण्यासारखी. तो आधी सायकल उचलून चार इंचांवरून खाली आपटतो आणि कान देतो. खडखड आली की मडगार्ड, किणकिण आली की आरा सैल. मग पुढचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवतो. हललं तर एक्सलचे छर्रे गेले. मग टायरची कड अंगठ्याने वाकवून बघतो. जुन्या रबराला बारीक भेगा दिसल्या की टायर बदलायला लावतो, हुज्जत चालत नाही. शेवटी ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलतो. ब्रेकचं रबर झिजलेलं असेल तर ते बदलायचा खर्च अगदी किरकोळ, आणि कुसमळीच्या उतारावर त्याची किंमत कळते.

सीटची उंची बहुतेकांची चुकलेली असते. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. नेहमीसारखं चवड्याने चालवताना मग गुडघ्याला थोडा बाक राहतो. ‘पाय जमिनीला टेकायला पाहिजेत’ म्हणून लोक सीट खाली ठेवतात आणि तिसाव्या किलोमीटरला गुडघे धरून बसतात. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याप्रमाणे, आदल्या रात्री. हेल्मेट सक्तीचं. नसेल तर स्वयंसेवक म्हणून या, उप्पीट तुम्हालाही मिळेल.

त्या सकाळी

पाच वाजता हजेरी, प्रत्येकाला क्रमांक आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर वहीत. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला, घाई नसलेला माणूस. त्याला कोणी ओलांडायचं नाही. सगळ्यात मागे अनुभवी स्वार, त्याच्यामागे पिकअप. दोनपेक्षा जास्त सायकली शेजारी-शेजारी नकोत, वळणावर एकच रांग. पंधरा-पंधरा किलोमीटरवर थांबा, प्रत्येक थांब्यावर माथी मोजा. एका वर्षी आम्ही किणयेला मोजली तेव्हा एक कमी भरला; तो मागे एका टपरीवर मिरची भजी खात निवांत बसलेला सापडला.

तासाला अर्धा लिटर पाणी, तहान लागण्याआधी. केळी, शेंगदाण्याची चिक्की, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. कुंदा, आपली बेळगावची मिठाई, परतल्यावर. आधी खाल्लात तर पहिल्या चढावर तो वर येतो, हे अनुभवाचे बोल. पिकअपमध्ये पंक्चरचं सामान, दोन ट्यूब, पंप, पट्ट्या, जंतुनाशक. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. कुसमळीनंतर काही ठिकाणी मोबाइलची रेंज जाते, म्हणून पुढच्या आणि मागच्या माणसाने थांब्यांच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात.

मुलं स्वागताला नकोत

याबाबतीत मी कडक आहे. ज्या मुलांसाठी पैसे गोळा होतात त्यांना रविवारी सकाळी गणवेश घालून, हातात फुलं देऊन रस्त्याकडेला उभं करायचं नाही. भाषणं नाहीत, मोठा चेक हातात देतानाचा फोटो नाही. बालगृहातल्या किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख छापणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसही त्यातून सुटत नाही. साध्या शाळेतल्या मुलांनाही आम्ही हाच नियम लावतो. फोटो हवे असतील तर सायकलींचे काढा, मलप्रभेचे काढा. आणि कुठे एखादं मूल अडचणीत दिसलं तर १०९८ हा नंबर प्रत्येक स्वाराच्या कार्डामागे छापलेला असू द्या.

त्यानंतरचे पंधरा दिवस

सोमवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येक स्वाराने आपल्या दात्यांना पूर्ण केलेलं अंतर आणि संस्थेचा क्यूआर पाठवायचा. आठवड्याने एक आठवण, पंधराव्या दिवशी शेवटची. त्यानंतर मागायचं नाही, पुढच्या वर्षी तोंड दाखवायचं असतं. खजिनदार आणि स्वारांपैकी एक जण मिळून कार्ड, पावत्या आणि बँकेचं विवरण जुळवतात. हिशेबाचं एक पान सगळ्या दात्यांना जातं, त्यात प्रवेश शुल्कातून उरलेले रुपयेही असतात.

रक्कम एकदम देऊ नका. टमटमवाल्याचा परवाना, वाहनाचा विमा आणि फिटनेस बघून, गावातली एक आई रोज सोबत बसेल हे ठरवून, संस्थेने दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या खात्यात पैसे टाकायचे. त्याआधी शाळेतून मुलींच्या हजेरीचा आकडा मागवायचा. पहिल्या वर्षी जूनमध्ये सात मुली होत्या. ऑगस्टात, धो धो पावसात, बाईंचा फोन आला. शेजारच्या वाडीतल्या दोघी वाढल्यात, टमटम त्या वळणावरून घेता येईल का आणि महिन्याला पाचशे जास्त लागतील, चालेल का? आम्ही उरलेल्या हिशेबाचं पान काढून बसलो.